पिल्लं गार पडतात तेव्हा

माझ्या पर्समध्ये दोन थर्मामीटर असतात. एक माणसांचा, एक जनावरांचा. दोन्हींच्या डब्या वेगळ्या रंगांच्या आहेत आणि आजवर त्यांची अदलाबदल झालेली नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. तरीही नातवाला ताप आला की सून माझ्या हाताकडे संशयाने बघते आणि विचारते, "आई, हा नक्की कोणता?"

मी जनावरांची डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं मुळशी तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत गेली. आता निवृत्त होऊन नांद्याला राहते. घराच्या पार्किंगमध्ये एक टेबल टाकलंय, तोच माझा दवाखाना. समोर भाताची चार खाचरं अजून शिल्लक आहेत, त्यांच्या पलीकडे बावीस मजली टॉवर. त्यामुळे सकाळी कुणी म्हशीचा सड सुजला म्हणून येतं आणि दुपारी कुणी पर्शियन मांजर डिप्रेशनमध्ये गेलंय म्हणून येतं. मांजर बहुतेक वेळा नुसतं कंटाळलेलं असतं.

ताप सगळ्यांना कळतो. बैलाचे कान गरम लागले की मालक लगेच फोन उचलतो. पण लहान पिल्लांच्या बाबतीत मला तापाची तेवढी भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती उलट्या तक्रारीची. "डॉक्टरबाई, पिल्लू गार पडलंय." हे ऐकलं की मी चहाचा कप अर्धवट ठेवून उठते. एवढ्याशा जिवाकडे चरबी नसते, अंगावर धड केस नसतात, आणि अंग लहान म्हटल्यावर ऊब निसटून जायला वेळ लागत नाही. गेलेली ऊब भरून काढायची तर आतली भट्टी सतत पेटती हवी. ती विझत आली की पिल्लू आधी ओरडायचं थांबतं, मग प्यायचं थांबतं, आणि मग आपल्याला वाटतं की किती शहाण्यासारखं झोपलंय.

लोक अशा वेळी काय करतात? शेकतात. चुकीचं नाही, पण अपुरं आहे. हे मी एरवी कितीही समजावून सांगत असले तरी दत्ताच्या करडाइतकं चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं.

दत्ता शेजारच्या माण गावचा. हिंजवडीतल्या एका कंपनीसाठी गाडी चालवतो. जानेवारीतल्या एका सकाळी त्याची पांढरी गाडी माझ्या फाटकाशी करकचून थांबली. पुढच्या सीटवर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं शेळीचं करडू, आणि मागच्या सीटवर ऑफिसला निघालेले तीन घामाघूम लोक. बाहेर दात वाजत होते आणि हे तिघं रुमालाने कपाळ पुसत होते.

"बाई, हीटर फुल लावलाय घरापासनं," दत्ता म्हणाला. "तरी गारच हाय. शेळीनं जवळच घेतलं न्हाई याला."

मागच्या तिघांपैकी एक मुलगी खाली उतरून माझ्यामागे आली. "मॅडम, बच जाएगा ना?" तिने विचारलं. लॉगिनची वेळ टळून गेली होती, पण तिघांपैकी कुणीही घड्याळाकडे बघत नव्हतं.

करडाचं पोट पाठीला लागलं होतं. आईचा चीकच पोटात गेला नव्हता, म्हणजे भट्टीत जाळायला काही नव्हतंच. अशा पिलाला नुसतं शेकलं तर ते उरलंसुरलंही जाळून टाकतं आणि झटके येऊन जातं. मी दत्ताला आधी हीटर बंद करायला लावला. करडाला ग्लुकोज टोचलं, थोडं थांबले, आणि मग गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. चहा होऊन कप धुवून होईपर्यंत करडाने मान उचलली आणि त्या मुलीच्या गळ्यातली ओळखपत्राची पट्टी तोंडात घेऊन चोखायला सुरुवात केली. ती हसत होती आणि रडतही होती. तिने पट्टी सोडवून घेतली नाही. शेवटी दत्तानेच हॉर्न वाजवला.

तर मुद्दा असा, की ऊब बाहेरून उसनी देता येते, पण टिकते ती आतल्या जळणावर. इतकं लोकांना पटतं. पण याच्याही पुढची एक पायरी आहे. जळण भरपूर आहे, चूल धड आहे, आणि तरीही आग पेटत नाही. ही पायरी दुर्मीळ. पुस्तकात वाचलेली, परीक्षेत लिहिलेली. माझ्या आख्ख्या नोकरीत मला ती इतकी स्वच्छ कधी दिसली नव्हती. ती दिसली निवृत्तीनंतर, माणमध्ये, हौसाकाकीच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर.

हौसाकाकीला मी फार वर्षं ओळखते. तिच्या गोठ्यात मी म्हशींची बाळंतपणं केलीत. पुढे जमीन आयटी पार्कात गेली, म्हशी गेल्या, गोठ्याच्या जागी चार मजले उभे राहिले आणि त्यात नोकरीवाली मुलं भाड्याने राहायला आली. काकीने सगळं सोडलं, पण कोंबड्या सोडल्या नाहीत. तिच्या कोंबड्या उघड्या मानेच्या, विटकरी रंगाच्या, नजरेत भरणाऱ्या. लग्न होऊन आली तेव्हा ताम्हिणीकडच्या माहेराहून आईने दिलेल्या जोडीची ती पैदास. "माजं माहेर आता हितंच हाय," असं ती त्या कोंबड्यांकडे बोट दाखवून म्हणायची. आई गेली होती, भाऊ गाव सोडून गेले होते. तिकडचं तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

मग एका दुपारी मोकाट कुत्र्यांनी खुराडं फोडलं. कोंबडा, कोंबड्या, एकही उरली नाही. उरली ती टोपलीतली अंडी, आणि ती उबवायला कोंबडी नाही.

काकी टोपली पुढ्यात घेऊन जिन्यात बसली होती, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू ऑफिसहून आला. निखिल त्याचं नाव, परभणीकडचा, सॉफ्टवेअरमधला. तोवर काकीशी त्याचं बोलणं म्हणजे पाणी आलं का आणि पाणी गेलं का, एवढंच. तो शेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, "काकू, मी प्रयत्न करून बघू का?"

त्याने थर्माकोलचं खोकं आणलं. आत बल्ब, छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि तापमान मोजणारा सेन्सर बसवला. ऊब कमी-जास्त झाली की त्याच्या मोबाईलवर घंटी वाजायची. काकीला हा सगळा पोरखेळ वाटत होता. पण एका रविवारी खोक्यातून चिवचिव ऐकू आली आणि काकी तीन मजले गुडघेदुखीसकट चढून गेली. डझनभर पिल्लं. उघड्या मानेची, विटकरी. मी लसीचे थेंब टाकायला गेले तेव्हा ती दोघं खोक्याच्या दोन बाजूंना मांडी घालून बसली होती आणि कुठलं पिल्लू कुणावर गेलंय यावर वाद चालला होता.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी सकाळीच काकीचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"डॉक्टरबाई, मानमोडी आली वो माज्या पिल्लांत."

मानमोडी म्हणजे राणीखेत. कोंबड्यांतला सगळ्यात वाईट आजार. माना वाकड्या होतात आणि बघता बघता खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. मी स्कूटर काढली. नांद्याहून माणला जायला सकाळच्या वेळी किती लागेल हे कुणी सांगू नये. कंपन्यांच्या बसेसच्या मधून वाट काढताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती टोपली येत होती.

तिसऱ्या मजल्यावर शांतता होती. एक पिल्लू मेलेलं, कागदात गुंडाळून ठेवलेलं. चार-पाच पिल्लं गुडघ्यांवर बसलेली, माना मागे पाठीवर टेकवून सरळ छताकडे बघत होती, जणू वर काही दिसतंय. बाकीची बल्बखाली एकमेकांना चिकटून, पिसं फुगवून बसलेली. निखिलचे डोळे लाल झाले होते.

"मॅडम, टेंपरेचर परफेक्ट आहे," तो मोबाईल पुढे करून म्हणाला. "मी रात्रीपासून वाढवतोय. तरी ती थंडच लागतायत. माझा सेन्सर खोटं बोलतोय का?"

"सेन्सरला काय इचारतोस?" काकी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "आईच्या पोटाखालची ऊब डब्यात येती व्हय? डॉक्टरबाई, पलीकडच्या आळीत लोकांच्या कोंबड्या हायेत. माज्यापायी त्यांच्या नगं मरायला. खड्डा खणून घेते. सगळीच पुरून टाकू."

निखिलने मोबाईल खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "काकू, मी या महिन्यात खोली सोडतो."

काकी मेलेल्या पिलाभोवतीचा कागद नीट करायला लागली.

मी एक पिल्लू तळहातावर घेतलं. अंग खरंच गार होतं. ताप मोजला. कोंबडीच्या पिलाचा पारा एकशे सहाच्या आसपास असायला हवा. आकडा सत्त्याण्णवला थांबला. माणसाच्या मानाने ठणठणीत तब्येत; या पिलाच्या मानाने शेवटची घटका. पुन्हा मोजला, तेवढाच. दुसऱ्या पिलाचा घेतला, तोही तसाच.

आणि माझ्या मनात खुट्ट झालं. मानमोडीत आधी ताप चढतो. पिल्लं तोंड उघडून धापा टाकतात, हिरवी पातळ विष्ठा पडते. इथे ताप नाही, धाप नाही, विष्ठा हिरवी नाही. नुसतं गार अंग, लुळे पाय आणि छताकडे लागलेली नजर.

"काय खायला घालताय यांना?" मी विचारलं.

"तांदळाची कणी," काकी म्हणाली. "घरचा इंद्रायणी. दुसरं काय? त्ये कंपनीचं खाद्य मी घालू दिलं न्हाई. माज्या आईनं कणीवरच वाढवल्या, मी बी कणीवरच वाढवल्या."

"आणि मी ती तीन पाण्यांनी धुतो," निखिल म्हणाला. "मऊ व्हावी म्हणून भिजत घालतो, मग पाणी निथळून टाकतो. केमिकल, पावडर काही राहायला नको म्हणून."

मी कणी बघायला मागितली. पांढरीशुभ्र, काचेसारखी चकचकीत.

"काकी, भात कुठून सडून आणता?"

"आता नव्या गिरणीतनं. दोन वेळा पॉलिश करत्यात. लई सुरेख निघतो. पयल्या गिरणीचा तांदूळ मळकट यायचा."

"आणि पिल्लं खाली अंगणात सोडता का?"

"अंगण कुटं राहिलंय? फरशी घातली की गाड्यांना. आन् कुत्र्यांच्या भ्यानं हा पठ्ठ्या पिल्लांला खोलीच्या भायेर काढतच न्हाई."

मला हसू आलं. दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी ते हसू घाईघाईने आवरलं आणि जमिनीवर बैठक मारली.

त्या दिवशी त्या दोघांना जे सांगितलं, तेच इथे लिहिते. तांदूळ म्हणजे जळण. पोटात गेला की त्याची साखर होते आणि ती जाळून अंगाला ऊब आणि ताकद मिळते. पण ही साखर आपली आपण पेटत नाही. तिला बी-वन नावाचं जीवनसत्त्व लागतं, अगदी चिमूटभर. चुलीत लाकडं रचलीत, पण घरात काडेपेटीच नाही, असं समजा. आणि गंमत अशी, की निसर्गाने ही काडेपेटी तांदळाच्या अंगालाच बांधून दिलेली असते. दाण्यावरचा तो मळकट थर, म्हणजे कोंडा, त्यातच ती असते. काकीच्या आईच्या कणीला कोंडा चिकटलेला असायचा. शिवाय पिल्लं उकिरडा उकरायची, वाळवी टिपायची, गवताचे कोंब तोडायची. इथे पॉलिशने कोंडा गेला, धुण्या-भिजवण्यात उरलासुरला अंश पाण्याबरोबर मोरीत गेला, आणि फरशीने उकिरडा नेला. अंड्यातून आणलेली पुंजी संपेपर्यंत पिल्लं तग धरून होती. ती संपली आणि भट्टी विझायला लागली. आधी भूक गेली, मग अंगातली ऊब, मग नसांनी मान धरणंच सोडलं.

"म्हंजे माज्या तांदळानं?" काकीने विचारलं.

"म्हणजे माझ्या धुण्याने?" निखिलने विचारलं.

"दोघांच्या लाडाने," मी म्हटलं. "पण आधी हे खरं ठरू द्या. माझा अंदाज चुकला असेल तर ती मानमोडीच. मी आता बी-वन देते. मानमोडी असेल तर या औषधाने काही होणार नाही. काडेपेटीचाच घोळ असेल, तर दिवस मावळायच्या आत कळेल."

काकीने पदराने तोंड पुसलं. "मावळतीपत्तुर थांबते. मग मात्र खड्डा."

छताकडे बघत बसलेल्या पिलांना मी सुईने औषध दिलं. चिमणीच्या मांडीएवढ्या मांडीत सुई घालायची म्हणजे श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. बाकीच्यांच्या चोचीत थेंब सोडले. निखिल एकेक पिल्लू ओंजळीत धरून देत होता. मग वाट बघण्यापलीकडे काही काम उरलं नाही.

वाट बघणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात कठीण भाग. तो कॉलेजात शिकवत नाहीत. निखिलने ऑफिसला सुट्टी कळवली. काकीने खालून पिठलं-भाकरी आणली आणि तिघांच्या ताटात वाढली, पण ताटं तशीच राहिली. दुपारी एक पिल्लू आणखी गेलं. काकीने ते आधीच्या कागदाशेजारी ठेवलं आणि माझ्याकडे न बघता पुन्हा जागेवर येऊन बसली. मी तोंडाने धीर देत होते, पण खरं सांगायचं तर माझंही मन तेव्हा काकीच्या खड्ड्यापर्यंत जाऊन आलं.

ऊन कलायला लागलं होतं. मी पिशवीत काहीतरी शोधत होते, तेवढ्यात काकी ओरडली, "अगं बाई!"

एक पिल्लू, सकाळी मान पाठीला टेकवून पडलेलं, लटपटत उठलं होतं. त्याने मान पुढे आणली. ती एकदा डुगडुगली, दोनदा डुगडुगली, मग ताठ झाली. दोन पावलं टाकून ते काकीच्या पायाशी आलं आणि बोटातल्या जोडव्याच्या चमकत्या कडेवर त्याने चोच मारली. किडा समजून. जोडवं काही तोंडात येईना, तेव्हा त्याने रागाने पुन्हा मारली.

"आवो, टोचतंय की!" काकी म्हणाली, पण पाय काही मागे घेतला नाही. "टोच बाबा, टोच. खा माजं बोट."

मग दुसरं उठलं. तिसऱ्याने मान खाली आणली. बल्बखालचा गुंता सैल झाला, आणि सकाळपासून मुकी असलेली ती खोली चिवचिवाटाने भरून गेली. मी पुन्हा पारा मोजला. एकशे चारच्या वर सरकला होता. निखिलने तो आकडा वाचला आणि थर्मामीटर माझ्या हातात देण्याऐवजी खिशातच घातला. काकीने त्याच्या डोक्यावर एक टपली मारली.

"खोली सोडतो म्हनं. जाशील कुटं? ह्यांला काय मी एकटी बघू?"

खड्डा खणला, पण लहानसा, भिंतीकडेला फरशीतून सुटलेल्या हातभर मातीत. त्यात ती दोन पिल्लं ठेवली आणि काकीने वर तुळशीचं रोप लावलं.

पुढे तह झाला. पिल्लांचं तयार खाद्य काकीने नाक मुरडून मान्य केलं, अर्धंच. उरलेल्या अर्ध्यात कणी, न धुतलेली, आणि ताजा कोंडा. ताजाच हवा, कारण कोंडा लवकर खवट होतो. तो आणायचं काम निखिलकडे आलं. दर आठवड्याला पौडकडच्या एका जुन्या भातगिरणीवर बाईकने जायचं आणि तिथून थेट ऑफिस गाठायचं. फाटकावरच्या रखवालदाराने एकदा त्याची लॅपटॉपची बॅग उघडली तर आतून भुरकन कोंडा उडाला. "सर, ये क्या है?" या प्रश्नाला निखिलने दिलेलं उत्तर ऐकायला म्हणे मागची सगळी रांग थांबली होती. आता त्याच्या ऑफिसातल्या चौघांना बी-वनबद्दल इतकी माहिती आहे, की परीक्षेला बसले तर पास होतील.

कधी कधी वाईटही वाटतं. जे पूर्वी पायाखालच्या मातीत फुकट पडलेलं असायचं, ते आम्ही आता बाटलीतून थेंब-थेंब मोजून देतो आणि त्यालाच उपचार म्हणतो. फरशा उखडा असं मी कुणाला सांगू शकत नाही. पण काकीने स्वतःहून पार्किंगच्या कोपऱ्यातल्या चार फरशा काढल्या, तिथे शेणखत आणि पालापाचोळा टाकला आणि भोवती जाळी मारली. पिल्लं दिवसभर तिथे माती उडवतात. त्यातलं एक अजून किंचित लंगडतं, पण दाणे टिपायला सगळ्यात पुढे असतं.

गेल्या आठवड्यात मी पुढची लस द्यायला गेले होते. निखिल त्या दिवशी घरून काम करत होता. कोपऱ्यातल्या जाळीशेजारी खुर्ची टाकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याची मीटिंग चालली होती. समोर पडद्यावर दहा-बारा चौकोन, प्रत्येकात एक गंभीर चेहरा. मी आणि काकी आवाज न करता पिल्लं पकडत होतो. पिल्लं कसली, चांगले तलंगे झाले होते. त्यातला एक विटकरी, उघड्या मानेचा, माझ्या हातातून निसटला, जाळीच्या खांबावर चढला, छाती पुढे काढली आणि आरवला. आवाज कसला तो! अर्धा फाटलेला, अर्धा घोगरा, शेवटी तर उचकीच लागली. पण आरवला.

निखिलचा माइक चालूच होता. पडद्यावरचे सगळे चेहरे एकदम हलले. त्याचा साहेब मराठीच होता. तो चष्मा वर करून म्हणाला, "निखिल, हे काय होतं?"

निखिलने माइक बंद करायला बोट नेलं, पण त्याच्या आधी काकी पुढे झाली. एका बगलेत कोंबडी, दुसऱ्या हाताने पदर सावरत ती लॅपटॉपवर वाकली.

"आमचा कोंबडा हाय," ती म्हणाली. "आज पयल्यांदा आरवलाय. जरा गप ऱ्हावा, परत आरवतोय."

दहा-बारा चौकोन गप्प झाले. आणि तो परत आरवला.